शाळेत एक, घरी एक

शनिवार होता. रनेसा टॉलिव्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्जाचे कागद पसरून बसली होती, आणि तिच्या आईने, व्हर्लीनने, ते कागद कोपराने बाजूला सारून मक्याच्या पावाचं पीठ कालवायला घेतलं होतं. उघड्या दारातून व्हरांडा दिसत होता. तिथे पाच वर्षांच्या आयव्हीने बाहुल्या ओळीने बसवल्या होत्या. शाळा भरली होती.

रनेसाचा एक कान कायम मुलीकडे असे. मूल खेळताना गप्प झालं की ती उठून बघून यायची, आणि बोलत असलं की काय बोलतंय ते ऐकायची सवय लागलेली.

"नाव सांग," आयव्ही एका बाहुलीला म्हणाली. बाहुली काय बोलणार? आयव्हीने आजीचं उलथनं उचललं. "नाही सांगत? ऊठ. हात टेबलावर. पाय मागे घे."

फटकन आवाज झाला.

रनेसाचं पेन थांबलं. मागच्या खोलीतही काहीतरी थांबलं. तिचा मोठा भाऊ लीलंड रात्रपाळीहून येऊन बूट काढत होता. एक बूट जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं होतं. दुसरा पडला नाही.

रनेसा व्हरांड्यात गेली आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. आयव्हीला प्रश्नच समजला नाही. शाळेत असंच तर करतात, नाव विचारल्यावर सांगितलं नाही की.

"मास्तरीण होणार गं पोरगी," आत व्हर्लीन हसून म्हणाली. रनेसा उलथनं घेऊन आत आली आणि तिने ते धुऊन खणात ठेवलं. मागच्या खोलीचं दार बंदच होतं, आणि दुसऱ्या बुटाचा आवाज शेवटपर्यंत आला नाही.

त्यांचं गाव बेल फोर्क, अमेरिकेच्या दक्षिणेत, डेल्टाच्या सपाट काळ्या जमिनीत; वस्ती जवळजवळ सगळी कृष्णवर्णीयांची. गावातली शाळा सरकारने बंद केली, तेव्हापासून मुलं अंधारात उठून बसने तालुक्याला जातात आणि अंधार पडायच्या सुमारास परत येतात. आपल्या गावात पुन्हा शाळा हवी, म्हणून चर्चमधल्या काही लोकांनी चार्टर शाळेचा घाट घातला होता. पैसा सरकारचा, पण कारभार गावाच्या मंडळाचा. त्यासाठी राज्याकडे अर्ज करायचा. काय शिकवणार, कोण शिकवणार, इमारत कोणती, हिशेब कसा, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, गाव तुमच्या पाठीशी आहे की नाही. लिहायचं काम रनेसाकडे आलं होतं. ती दवाखान्यात अहवाल लिहायची आणि गावातल्या तिच्या वयाच्या मुलींत कॉलेज पुरं केलेली ती एकटी होती.

गाव पाठीशी आहे याचा अर्थ एकच होता. प्रोफेसर पेटवे पाठीशी आहेत. ऑगस्टस पेटवे उभं आयुष्य त्या बंद पडलेल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. गाव त्यांना प्रोफेसर म्हणे. रनेसाला शिष्यवृत्ती त्यांनीच मिळवून दिली होती, आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी आपल्या गाडीतून तिला तेच सोडून आले होते. मंडळावर त्यांचं नाव असेल तर अख्खं गाव अर्जाखाली सह्या करणार होतं.

अर्जातली सगळी पानं भरली होती. शिस्तीचं पान तेवढं कोरं होतं. तिथे काय लिहायचं ते प्रोफेसरांनी सांगून ठेवलं होतं. पालकांची संमती घेऊन फळीचा मार. त्यांच्या कचेरीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली ती ओकची फळी गावाच्या ओळखीची होती. मारताना हवा अडू नये म्हणून तिला भोकं पाडलेली होती. कायद्याची आडकाठी नव्हती आणि एकही पालक संमतीला नाही म्हणणार नव्हता. उलट, बेल फोर्कमध्ये तर रीतच होती, शाळेत एक, घरी एक. शाळेत मार बसला की शाळेतून फोन यायचा, आणि मूल घरी पोहोचेपर्यंत आई पट्टा घेऊन दारात उभी असायची. शाळेत काय झालं हे म्हणूनच कोणतंही मूल घरी सांगत नसे.

लीलंडला सांगताच येत नव्हतं. तो तोतरा होता. नाव विचारलं की त्याच्या ओठांवर पहिलं अक्षर अडायचं आणि सगळा चेहरा त्या अक्षराला ढकलत राहायचा. प्रोफेसरांना तो उर्मटपणा वाटला. मुख्याध्यापक विचारतात आणि पोरगा तोंड मिटून टक लावून बघतो. "हात भिंतीवर," ते म्हणायचे. कचेरीला लागूनच रनेसाचा वर्ग होता. आवाज आला की बाकीची मुलं खुसखुसायची. ती पेन्सिल घट्ट धरून बसायची आणि संध्याकाळी घरी तोच आवाज पुन्हा ऐकायची. मोठा झाल्यावर लीलंडने शाळा सोडली आणि मासे सोलायच्या कारखान्यात लागला. तिथली यंत्रं इतका आवाज करतात की कुणाला बोलायची गरज पडत नाही.

दुपारी ती प्रोफेसरांकडे गेली. त्यांनी अक्रोडासारख्या पिकॅनचा केक कापून पुढे ठेवला, आईची चौकशी केली, मग विचारलं, "ते पान झालं का?"

फळी लिहायचं मनाला पटत नाही, असं रनेसा कशीबशी म्हणाली. ते रागावले नाहीत.

"मी तुला मारलं का कधी?"

"नाही, सर. मी भिंतीपलीकडे बसायचे."

म्हाताऱ्याने केकची बशी तिच्याकडे सरकवली. "बाहेर आपल्या पोरांना कुणी समजावून सांगत नाही, रनेसा. उर्मट दिसला की संपलं. शेरीफच्या पोलिसांच्या हातात फळी नसते, बंदूक असते, बाई. माझ्या हातचा मार खाऊन पोरगा आपल्या पायांनी घरी तर गेला."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, आणि हेच अवघड होतं. या माणसाच्या मनात क्रौर्य नव्हतं. भीती होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती इतकी जुनी होती की आता तिला सगळे माया म्हणत. आयव्हीला ताप आला की रनेसाही अशीच घाबरून तिच्यावरच ओरडायची.

"सर," ती हळू म्हणाली, "पण ही फळी आपल्याकडे आली कुठून? आपल्या आधी ती कुणाच्या हातात होती?"

प्रोफेसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर क्षितिजापर्यंत कापूस उभा होता, आजे-पणजे गुलाम म्हणून वेचायचे तोच.

"उद्या सभेत बोलू," ते म्हणाले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या मागच्या दालनात अर्जाच्या सभेला सगळे जमले. तळलेल्या माशांचा आणि गोड चहाचा वास होता. बायका ताटं वाढत होत्या, लीलंड भिंतीशी रचलेल्या खुर्च्या उघडून मांडत होता. असली कामं तो न सांगता करायचा आणि कुणी आभार मानायच्या आत दुसरीकडे जायचा. रनेसाने रात्री शिस्तीचं पान लिहिलं होतं. ते घडी करून तिच्या पर्समध्ये होतं. हे पान वाचलं तर प्रोफेसर जातील आणि प्रोफेसर गेले तर शाळा जाईल, हे तिला कळत होतं. आयव्ही तिच्या मांडीवर बसून पाव कुस्करत होती.

प्रोफेसर उभे राहिले. त्यांनी पिशवीतून ती जुनी फळी काढली. शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी ते ती घरी घेऊन गेले होते. दालनात हशा पिकला.

"सर, माझं बूड अजून तिला ओळखतं," क्लीटस न्हावी मागून म्हणाला.

"तुझं बूड ओळखतं, डोकं कधी ओळखलं नाही," व्हर्लीन म्हणाली, आणि लोक आणखी हसले. कुणाला पुन्हा लहान झाल्यासारखं वाटलं, कुणाला आईवडील आठवले. सगळ्यांच्याच तोंडावर जुन्या दिवसांची ऊब आली. गलबला थांबेना, तेव्हा प्रोफेसरांनी हसतच फळी टेबलावर एकदा आपटली.

आवाज मोठा नव्हता.

लीलंडच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. त्याने त्या खाली ठेवल्या, पाडल्या नाहीत, नीट ठेवल्या. मग तो जवळच्या भिंतीकडे गेला, दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, पाय मागे घेतले आणि मान खाली घातली.

सहा फूट उंच, कानांपाशी केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. रविवारचा इस्त्रीचा शर्ट घातलेला.

हसू एकेकाच्या तोंडावर विरत गेलं. मागच्यांना दिसलं नव्हतं, ते अजून हसत होते. मग तेही थांबले. "मामा काय करतोय?" आयव्हीने विचारलं. प्रोफेसरांच्या हातात फळी तशीच होती. लीलंड वाट बघत होता. वळून तो बघत नव्हता, कारण वळून बघितलं की एक जास्त बसायची.

उठली ती व्हर्लीन. तिचे गुडघे दुखायचे. दालन ओलांडायला तिला वेळ लागला आणि तो सगळा वेळ कुणी हललं नाही. तिने लीलंडचं एक बोट भिंतीपासून सोडवलं. मग दुसरं. बोटं घट्ट होती. एका हाताची सगळी सुटली, तेव्हा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"लीलंड," ती म्हणाली, "घरी चल, बाळा. घरी कुणी मारणार नाही."

त्याने आईकडे पाहिलं. ते वाक्य पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं पाहिलं, आणि खरंच तो ते पहिल्यांदाच ऐकत होता.

मायलेक गेल्यावर रनेसा उभी राहिली. पर्समधलं पान तिने बाहेर काढलं, पण वाचलं नाही. "शिस्तीचं पान मी लिहिलंय. त्यात फळी नाही. फळी हवी असेल तर अर्ज दुसऱ्या कुणी लिहावा."

प्रोफेसर खाली बसले होते. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "त्याने एकदा तरी बोलायला हवं होतं."

"तो तेच करत होता, सर. तुम्ही थांबला नाहीत."

त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. फळी टेबलावरच राहिली. ती कुणी उचलावी हे कुणाला ठरवता येईना. जाळून टाका, असं एक तरुण मुलगी म्हणाली, पण कुणाचा हात धजला नाही. शेवटी पाद्र्यांच्या बायकोने ती नाताळच्या सजावटीच्या कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

प्रोफेसरांनी आपलं नाव काढून घेतलं. रागाने नाही, या अर्जावर नाव ठेवायला मला जागा राहिली नाही, एवढंच त्यांनी कळवलं. त्यांच्यामागे बरीच नावं गेली. पोरं डोक्यावर बसतील, असं लोक म्हणाले. गोऱ्यांच्या पुस्तकांतून शिकून आली, असंही रनेसाच्या पाठीमागे म्हणाले आणि ते तिच्यापर्यंत पोहोचेल याची काळजी घेतली.

राजधानीत मुलाखतीला ती आणि पाद्री गेले. हिशेबाची पानं उलटून झाल्यावर राज्याच्या मंडळातल्या एका बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, मुलाला प्रश्न विचारला आणि त्याने उत्तरच दिलं नाही, तर तुमची शाळा काय करेल?

"वाट बघेल," रनेसा म्हणाली.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. पण अर्ज नामंजूर झाला. अभ्यासक्रम चांगला, हिशेब चोख. गावाचा पाठिंबा अपुरा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

पुन्हा सकाळी धुक्यात बसचे दिवे आले. आयव्ही पायऱ्या चढली, काचेमागून तिने हात केला आणि बस तिला त्या शाळेत घेऊन गेली, जिथे नाव न सांगणाऱ्याला उठून टेबलावर हात ठेवावे लागतात. तिथला माराच्या संमतीचा कागद रनेसाने नकार लिहून परत पाठवला होता. पण मूल भिंतीअलीकडे बसतं की पलीकडे, एवढाच फरक त्या नकाराने पडतो. आवाज दोन्हीकडे जातो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बस दिसेनाशी झाल्यावर ती घरात आली, टेबलावर अर्ज पसरला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. पाठिंब्याचं पान नव्याने लिहायचं होतं, दारोदार फिरायचं होतं, आणि त्यातलं एक दार प्रोफेसरांचं होतं. शिस्तीच्या पानाला तिने हात लावला नाही.

त्या शनिवारी व्हरांड्यात पुन्हा शाळा भरली. रनेसा चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बाहुल्यांच्या ओळीच्या शेवटी, गुडघे पोटाशी घेऊन, लीलंड बसला होता. आयव्हीच्या हातात खणातलं उलथनं होतं.

"नाव सांग," आयव्ही म्हणाली.

लीलंडच्या ओठांवर पहिलं अक्षर आलं आणि अडलं. त्याचा चेहरा ताणला गेला, मानेची शीर फुगली. स्वयंपाकघरात व्हर्लीनचं लाटणं थांबलं. आयव्ही त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. रस्त्यावरून एक ट्रक येऊन गेला, त्याची धूळ खाली बसली, अक्षर अजून अडलेलंच होतं. रनेसाला धावत जावंसं वाटलं. तिने पाय रोवून धरले.

आयव्ही थांबली होती. उलथनं मात्र तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.