मिठाच्या पाण्याची वाटी

भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला, तोंडात घातला, चावलासुद्धा. आणि मग मला वाटीत डोळा दिसला.

"मम्मी! आमटीत डोळा आहे!"

"ती आमटी न्हाई, तुझ्या बापाचा समुद्र हाय," मम्मी भाकरी थापता थापता म्हणाली. "गिळू नको. मोरीत थुक आधी!"

थुंकले. दोनदा ब्रश केला, अख्खं लिंबू चोखलं, तरी जीभ म्हणजे बंद पडलेल्या फ्रिजचा कप्पा. शाळेत मी वक्तृत्वाचे तीन कप आणलेत, पण त्या चवीला माझ्याकडे शब्द नाही. ई एवढंच.

माझे पप्पा, गोरक्ष, नागापूर एमआयडीसीत कोंबड्यांचं खाद्य बनवतात. समुद्राकडून सुकवलेल्या बारीक माशांची पोती ट्रकमधून येतात. पप्पांनी पोतं चाळणीवर ओतायचं, त्यातले खिळे, खडे, जाळ्याचे नायलॉनचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या वेचायच्या आणि उरलेलं चक्कीत ढकलायचं. त्याचं पीठ होतं. अकरा वर्षं हेच. केडगावला घरी परत येताना शेअर रिक्षावाला त्यांना ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसवतो, भर पावसात पण, कारण ते मागे बसले तर बाकीचे पॅसेंजर नाकाला रुमाल लावून उतरून जातात. मी आठवीपर्यंत कुठल्याच मैत्रिणीला घरी आणलं नव्हतं.

आणि या माणसाने समुद्र पाहिलेला नाही! मोठं पाणी म्हणजे राहुरीजवळचं मुळा धरण, तेही एकदाच, मामाच्या लग्नाला गेले तेव्हा.

पण त्यांना एक खोड होती. पोत्यात काही वेगळं दिसलं, की ते खिशात यायचं. घरी आल्यावर वाटीभर पाण्यात मूठभर मीठ घालून त्यात ते भिजवायचे. का, तर म्हणे, "वाळल्यावं समद्यांची त्वांडं सारखीच दिसत्यात. भिजलं की कोन हुतं ते कळतं." मग ते वर्तमानपत्रावर वाळवून माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवायचे. पेटीत चांदणीच्या आकाराचा तारामासा होता, बोटाएवढा खेकडा होता, सहा समुद्रघोडे होते, चपट्या तोंडाचा एक मासा होता. त्याला पप्पा 'सरपंच' म्हणायचे.

त्या संध्याकाळी आल्याआल्या त्यांनी विचारलं, "वाटी कुनी हालवली?"

"मी खाल्ली," मी म्हणाले.

मम्मी हसून हसून पाटावर बसली. पप्पा मात्र घाबरून वाटीत बघायला लागले. "घोडा न्हाई ना खाल्ला? सृष्टे, हिकडं ये. बघ तर."

नाक दाबून गेले. वाटीत एक समुद्रघोडा फुगून वर आला होता. मान खाली, शेपटी गुंडाळलेली, पोट टम्म. पप्पांनी काडीने पोटाला जरासं टेकवलं आणि तिथून जिऱ्याएवढे काहीतरी कण बाहेर आले. एक, दोन, कितीतरी. प्रत्येकाला मान होती. प्रत्येकाला शेपटी होती.

नाकावरचा हात कधी सुटला, कळलं नाही. मी बघत राहिले.

"पोटुशी हुती गं ही," पप्पा हळूच म्हणाले.

"ही नाही पप्पा, हा. समुद्रघोड्यांत पिल्लं बाप सांभाळतो. पोटाच्या पिशवीत. आम्हाला विज्ञानाच्या प्रेमला मॅडमनी सांगितलंय."

"बाप बाळंत व्हतो?" मम्मी म्हणाली. "मंग जा म्हणावं तिकडंच ऱ्हायाला."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी वाटी उचलून देवळीत ठेवली, बोटं धोतराला पुसावीत तशी पॅंटला पुसली आणि म्हणाले, "चक्कीत आसं किती गेलं आसंल गं?"

बस्स. मी ठरवलं, विज्ञान प्रदर्शनात हेच मांडायचं. वर्गातली सगळी ज्वालामुखी करणार, सोडा आणि व्हिनेगर! माझ्याकडे खरा समुद्र होता. मी कंपासपेटीतलं सगळं पांढऱ्या कापडावर लावलं, सात समुद्रघोडे मधोमध. मागे तक्ता: 'कोंबडीच्या खाद्यासाठी समुद्राची पिल्लं'. खाली लाल स्केचपेनने: 'समुद्रघोडा पकडणे व विकणे हा गुन्हा आहे.' आणि त्याखाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'संग्राहक : माझे पप्पा'. पूर्ण नावानिशी. कारण आता मला लाज वाटत नव्हती. आता मी कुणालाही काहीही सांगू शकत होते.

प्रमुख पाहुणे आले. हेमचंद्रशेठ, पप्पांच्याच कारखान्याचे मालक. शाळेला पाण्याचा फिल्टर त्यांनी दिलाय. मला वाटलं, वा! यांनाच तर सांगायचं होतं. मी एका दमात सगळं म्हणून टाकलं. त्या बापाच्या पोटातली पिल्लंसुद्धा. शेठ रुमालाआडून ऐकत होते.

"गोरक्षची मुलगी का तू? हुशार आहेस." त्यांनी तक्ता वाचला. लाल ओळ दोनदा वाचली आणि हसले. मग नाकावरचा रुमाल काढला, टेबलावर पसरला, सातही घोडे त्यात ठेवले आणि गाठ मारली. "याला बाहेरच्या देशांत औषधासाठी फार मागणी असते बाळा. आणि आमच्याकडे चक्कीत जातंय. बरं झालं दाखवलंस."

"सर, तो गुन्हा..."

"सृष्टी," प्रेमला मॅडमनी मागून माझी वेणी धरली. "थॅंक यू म्हण."

मी थॅंक यू म्हणाले. तीन कप आणणाऱ्या या तोंडाने. त्या वाटीतल्या पाण्याचीसुद्धा मला एवढी किळस आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठनी पप्पांना काचेची बरणी दिली. घोडे यात टाकायचे, रोज सुट्टीच्या वेळी ऑफिसात आणून दाखवायचे. नसेल जमत तर चाळणीवर दुसरा माणूस बघू.

"मी तक्रार करते," मी म्हणाले. "फॉरेस्टवाल्यांकडे. मोबाईलवरून होते."

"कर की," पप्पा म्हणाले. "आन काम गेल्यावं परवा मी कुटं जाऊ, तेबी त्यांनाच इचार."

मी मोबाईल खाली ठेवला. मला रडू येत होतं. "मग देणार तुम्ही त्यांना घोडे?"

पप्पा नखांतला काळा मळ काढू लागले. "आत्ता चुकून येत्यात जाळ्यात. इकाया लागलं, की मुद्दाम धरत्याल. मंग पोत्यात न्हाई, समुद्रातबी सापडायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी पप्पा डबा विसरले म्हणून मी नागापूरला गेले. आत पाऊल टाकलं आणि ओकारी आली. धूळसुद्धा माशांचीच. ती दातांवर बसते. पप्पा चाळणीपाशी उभे होते. फळीवर ती बरणी होती, धुतल्यासारखी स्वच्छ, रिकामी. पप्पा पोतं ओतत होते, हात फिरवत होते, खिळा निघाला की बाजूला टाकत होते, पण बघत भिंतीकडे होते.

मग चाळणीवर एक घोडा आला. मला तो दारातून दिसला. पोट टम्म.

पप्पांचा हात त्याच्यावर थांबला. बोटांना कळलं होतं. एक क्षण वाटलं, आता खिशात जाणार. हाताने तो उचलला आणि चक्कीच्या तोंडाशी नेला. तिथे तळवा उघडला, झटकून नाही, पाण्यात काही सोडावं तसा हळूच.

ऑफिसातून शेठचा आवाज आला, "गोरक्ष, आज काही?"

"न्हाई सायेब," पप्पा म्हणाले. "आता येतच न्हाईत."

मी डबा दारात ठेवून परत आले.

रात्री मम्मीने ती वाटी राखेने घासून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यात आमटी वाढली. "खा आता बिनघोर. त्यांनी नाद सोडलाय," ती म्हणाली.

पप्पा माझ्याशेजारी खाली मान घालून जेवत होते. मी वाटी नाकाशी नेली. तिला कसलाच वास येत नव्हता.

मला घास गिळवला नाही.