चरबी मोजणाऱ्या चिमट्याचा सूड

मी चरबी मोजायचा चिमटा बोलतोय. नाक मुरडू नका. पोटाची वळी दोन बोटांत धरून जिममध्ये जो जबडा लावतात ना, तोच मी. शिक्षण बेताचंच, फक्त आकडे कळतात. पण जे कळतं ते तोंडावर सांगतो, म्हणून मित्र कमी.

माझा मालक जिममधला ट्रेनर. सगळे त्याला पैलवान म्हणतात. दंड बघाल तर गार व्हाल, डोकं न बघितलेलं बरं. कुणी नवीन आलं की हा मला लावायचा आणि अख्ख्या जिमला ऐकू जाईल असा आकडा ओरडायचा. एका ताईला तर म्हणाला, "हे पोतं इथं कुणी आणून ठेवलं?" सगळे खिदळले. मी चिमटे काढतो खरा, पण चारचौघांत कुणाची अब्रू काढत नाही.

काम झाल्यावर मला पुसून डबीत ठेवावं? छे! प्रोटीन पावडरच्या जाडजूड पाकिटाचं तोंड बंद करायला मला लावलं. महिनोन्‌महिने आ वासून मी तिथंच! स्प्रिंग ढिली पडली, जबडा मिटेना, काटा शून्यावर येईना. तेव्हाच म्हटलं, थांब बेट्या, तुला दाखवतो.

मग एक दिवस जिमच्या मालकाने फर्मान काढलं, "सर्टिफिकेट आणेल तोच ट्रेनर. नाही आणलं, तर दाराशी बसून टॉवेल वाटायचे."

पैलवानाने पुस्तक आणलं, उघडलं आणि त्यावरच घोरू लागला. त्याची आई म्हणाली, "अरे, उशाला घेऊन डोक्यात जात नाही ते!"

"आई, प्रॅक्टिकल म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ गं."

परीक्षेच्या दिवशी मला पाकिटावरून ओढलं, फुंकर मारली, खिशात घातलं.

तिथं उमेदवारांनी जोडीजोडीनं एकमेकांची चरबी मोजायची होती. पैलवानाच्या वाट्याला कोण यावं? तीच ताई! तीही परीक्षेला बसली होती. मला तर आतून गुदगुल्याच झाल्या.

पैलवानाने मला तिच्या दंडाला लावलं आणि सवयीने आकडा ओरडला. परीक्षक बाईंनी स्वतःचा चिमटा लावला. आकडा कितीतरी कमी!

"काटा शून्यावर आहे का, बघितलंत?"

"मॅडम, मी नुसत्या नजरेनं सांगतो."

"मग हा चिमटा काय शोभेला आणलात?"

ताईची पाळी आली. तिने मला हातात घेतलं, दाबून बघितलं. "दादा, याचं तोंडच मिटत नाही. मॅडम, दुसरा द्याल?"

पैलवानाने पोट असं आत ओढलं की छाती हनुवटीला टेकली.

"श्वास सोडा दादा. पोट कुठं पळून जात नाही."

हॉल हसला. ताईने आकडा मात्र बाईंच्या कानात सांगितला. माझी निराशाच झाली हो! मी असतो तर भोंगा लावला असता.

ताई पास, पैलवान नापास. आता ती शिकवते आणि हा दाराशी टॉवेल वाटतो. पुढच्या परीक्षेची तयारी म्हणून कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून, नवी स्प्रिंग बसवलेल्या मला स्वतःच्या पोटाला लावतो. आधी काटा बघतो, मग पुस्तक बघतो, मग कण्हतो.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पाकिटांना लावू नका, एवढंच सांगणं. आम्ही डूख धरतो. बरं, येतो मी. कडी वाजली, पैलवान सदरा वर करतोय.