चादरीवर उतरलेला नूर

इस्ना गावाच्या चौकात एका फोटोभोवती माणसांची झुंबड उडाली होती. फोटो साध्या लग्नाचा. पण मधल्या खुर्चीवरचा शेख मितवल्ली नुसता उजळून निघाला होता आणि कडेची माणसं पार काळवंडली होती. "नूर, अल्लाचा उजेड, उतरतो तो माणूस बघून," शेख डोळे मिटून सांगत होता. "ज्यांच्यावर सावली आहे, त्यांना बाळंतिणीच्या खोलीत घेऊ नका."

फोटोत कडेला उभी होती सिहाम सुईण. नवऱ्याने सोडलेल्या बाईने फोटोत कडेलाच उभं राहायचं, ही तिथली रीत. वीस वर्षं गावातली पोरं तिने सुखरूप जगात आणली आणि एका फोटोने ती पनवती ठरली. रौहिय्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा ती धुतलेली चादर घेऊन धावत गेली, तर रौहिय्याने उंबऱ्यावरच अडवलं. "फोटो पाहिलाय आम्ही. तुझी सावली नको, बाई."

मूल आडवं आलं होतं. ते फिरवणारे हात दाराबाहेर उभे होते. मूल गेलं, आणि शेख म्हणाला, सावली दारापर्यंत आली होती ना! तेव्हापासून सिहामला स्वतःच्याच हातांची भीती वाटू लागली.

दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या डॉक्टर वहीबाने तो फोटो पाहून कपाळावर हात मारला. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या तिच्या फोटोंतही मध्ये उजेड आणि कडेला अंधार यायचा. म्हणून ती आधी कोऱ्या काचेचा फोटो काढून ठेवी आणि त्यावरून उजेडातला फरक संगणकावर भरून काढी.

शुक्रवारी नमाजानंतर तिने लग्नाचा फोटो काढणाऱ्या शाझलीला चौकातच तोच कॅमेरा लावायला सांगितला. समोर सिहामची तीच पांढरी चादर टांगली. फोटो उमटला: मधोमध लख्ख उजेड, चारही कोपरे काळे.

"शेखसाहेब," वहीबाने विचारलं, "ही चादर कधीपासून पुण्यवान झाली?"

शाझलीने चाचरत कबूल केलं. भिंगापुढचं लांब नळकांडं शेखनेच लावून घेतलं होतं. त्यामुळे कडेचा उजेड अडायचा. मधली खुर्ची तर शेखला मानाने मिळायचीच. मग वहीबाने चादरीच्या फोटोवरून लग्नाच्या फोटोत जिथे जेवढा उजेड कमी, तिथे तेवढा वाढवला. सिहाम चारचौघींसारखीच दिसू लागली. शेखचा नूर गेला, घाम तेवढा राहिला. त्याला लगेच दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

लोक पांगले. रौहिय्या मात्र चादरीपाशी घुटमळत राहिली. सुनेच्या उशाशी ठेवायला नूर उतरलेल्या या चादरीचा एक तुकडा मिळेल का, असं तिने हळूच विचारलं.

सिहामच्या डोक्यात सणक गेली.

"काकू, ही तुमच्या नातवासाठीच आणली होती. तुमच्या दारातून तशीच परत गेली. हिच्यात काही नाही. फोटोतला अंधार नळकांड्याचा होता, उंबऱ्यावरचा तुमचा. तुकडा मिळणार नाही. पुढच्या खेपेला कळा आल्या, तर फोटो बघू नका. मला हाक मारा."

तिने चादर उतरवली, घडी घातली आणि पुन्हा आपल्या पिशवीत ठेवली.