जॅक खराब निघाला

मित्रांनो, मोटारीचं चाक पंक्चर झालं की तिला वर उचलून धरणारा मी एक जुना जॅक आहे, तेलाच्या दाबावर चालणारा. माझ्याबद्दल एक खोटं सांगितलं गेलं, म्हणून आज बोलतो आहे.

१९७१ साली जिंतूरच्या डॉक्टर दत्तरावांनी मला परभणीच्या बाजारातून निवडून आणलं. त्यांची ऑस्टिन जुनी, अंगानं बसकी. दुकानापुढेच त्यांनी तिच्या एका चाकाची सगळी हवा सोडली. गाडी आणखी खाली बसली. उंच जॅक तिच्याखाली शिरेनात. दुकानदार वैतागून म्हणाला, "डॉक्टरसाब, जॅक घ्यायलाव का जावई बघायलाव?"

"जावई पोरगी बघून घेईल. ह्याच्या भरवशावर माझे पेशंट हायेत."

मी सहज आत शिरलो आणि ऑस्टिनला अलगद उचललं. डिकीत माझी जागा ठरली. जाड कापडाच्या पिशवीत, पट्ट्यानं बांधून, उभा. आडवा पडलो तर माझं तेल झिरपतं, हे डॉक्टरांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं. चिखलात, माळावर मी कधी कच खाल्ली नाही. "हा माझा दुसरा कंपाउंडर," असं ते कौतुकानं म्हणत.

१९७५च्या उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ बन्सीधर सरकीची पोती आणायला गाडी घेऊन गेला. पोती मावावीत म्हणून त्यानं मला काढून गोठ्यात टाकलं. गाडी परत आली, मी तिथंच आडवा. बऱ्याच दिवसांनी आठवण झाली तेव्हा त्यानं मला पुसलं, पिशवीत घालून, कुणाला न सांगता, डिकीत जागेवर पट्टा आवळला.

मग वालूरहून मुंजाजी आला. त्याची बायको सुलाबाई बाळंतपणात अडली होती. डॉक्टर त्याला घेऊन निघाले आणि वालूरच्या अलीकडे चाक बसलं. डॉक्टर दांडी वर-खाली करत राहिले. मी जीव एकवटला, पण आत तेलच उरलं नव्हतं.

"डागदरसाब, उचलंना का वो?" मुंजाजी रडकुंडीला आला.

बॅग घेऊन डॉक्टर पळतच गेले. मूल वाचलं. सुलाबाई वाचली नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांनी माझी पिशवी उलटी केली. आतून गोठ्यातला भुसा पडला. ते तडक गोठ्यात गेले. तिथं जमिनीवर तेलाचा भला मोठा डाग होता.

"बन्सी, ह्याला तू काढलं होतंस?"

"आईची शपथ दादा, म्या हातबी लावला न्हाई."

डॉक्टरांनी त्या डागावरून बोट फिरवलं. त्यांना सगळं कळलं होतं. आता ते बोलतील, असं मला वाटलं.

काही दिवसांनी मुंजाजी दारात आला. "साब, गाडीला काय झालतं वो?"

बन्सीधर बाजूलाच उभा होता, मान खाली घालून. डॉक्टर म्हणाले, "जॅक खराब निघाला, मुंजाजी."

ज्यांनी मला पारखून घेतलं, त्यांच्याच तोंडून हे आलं. नवा जॅक आला. मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तर सांगतोच. पण निगा राखली नसेल, तर निदान तसं कबूल करा. मुंजाजीचं लेकरू आता चालायला लागलं असेल. उद्या ते विचारील, माझी आई कशानं गेली. त्याला कुणीतरी खरं सांगा.