लिफ्टच्या दाराबाहेर

दाजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ते लिफ्टच्या बंद दारासमोर फरशीवर बसून राहिले.

"बाहेर कोणी आहे का?" आत अडकलेल्या बाईंचा आवाज आला.

"आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा."

"मग उघडा ना दार! जीव घुसमटतोय माझा."

"वरून वीज बंद झाली की लगेच उघडतो. टेकून बसा. हवा येते आत."

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दाजींचा मेहुणा मेन स्विच बंद करायला गच्चीवरच्या खोलीत गेला होता. तिथे फोनला रेंज नव्हती. म्हणून वीज बंद केली की त्याने जिन्याकडेच्या पाण्याच्या पाइपवर पान्याने ठोकायचं, असं ठरलेलं. तो ठोका येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. धंद्यातला पहिला नियम, आणि दाजींनी तो कधी पाळल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

ठोका येत नव्हता.

चावी खिशातच होती. दार उघडायचं, फटीतून अंग वर खेचायचं, बाईंना खाली घ्यायचं. चुटकीसरशी काम. पोटऱ्यांत मुंग्या आल्या. छाती धडधडू लागली आणि तिच्याबरोबर तो ओळखीचा हुरूप अंगात चढला.

मागच्या वर्षी असाच हुरूप चढला होता. दाजी आत शिरले, लिफ्ट हलली, खांदा मोडला. मेहुण्याने ओढून काढलं नसतं तर खांद्यावर भागलं नसतं. मग बायको त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाईंनी एडीएचडी, म्हणजे मनातली उसळी आवरता न येण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं.

"छाती धडधडली की लोकांचा पाय मागे येतो. तुमचा पुढे जातो," त्या म्हणाल्या. "धडधडलं की आधी खाली बसायचं."

पन्नाशीच्या माणसाला बसायला शिकवतात म्हणून दाजी घरी येईपर्यंत हसत होते. बायको हसली नव्हती.

"अहो, करताय काय तुम्ही?" बाईंनी दारावर थाप मारली.

"बसलोय."

"बसलाय?"

कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पण हात सोडवला तर तो थेट चावीवर जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळा घट्ट मिटला आणि पाठ भिंतीला आणखी रेटली. दिवसभर ओझी वाहिल्यासारखं अंग ठणकत होतं.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. मेहुणा धापा टाकत खाली आला आणि त्यांना बघून जागीच थबकला.

"दाजी, तुम्ही बाहेर?"

"वीज?"

"केव्हाच बंद केली."

"मग ठोकलं का नाहीस?"

मेहुण्याने मान वळवली. "कितीतरी दिवस झाले, ठोकत नाही मी. उपयोग काय? तुम्ही आधीच आत असता. मी आपला धावत वर जातो, आधी स्विच पाडतो आणि धावत खाली येतो. बघायला."

काय बघायला, ते त्याने सांगितलं नाही. दाजींनीही विचारलं नाही.

दोघांनी दार उघडलं, स्टूल लावलं आणि बाईंना अलगद खाली घेतलं. त्यांनी साडी झटकली, पर्स सावरली.

"माझा इथे जीव जात होता आणि हे नुसते बसून होते!" त्या मेहुण्याला म्हणाल्या. "काहीएक केलं नाही यांनी."

"बाई," मेहुणा हळूच म्हणाला, "आजवर त्यांना तेवढंच जमत नव्हतं."

बाईंना ते काही कळलं नाही. त्या जिना उतरून गेल्या.

मेहुण्याने हत्यारांची पेटी उचलली. "चला, लिफ्ट सुरू करून टाकू."

"थांब. जरा बसू दे."

दाजी जिन्याच्या पायरीवर टेकले. मेहुण्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पेटी खाली ठेवली आणि तोही शेजारी बसला.