सुधाची साक्ष

"मशीन किसने बंद किया था?" मंजूषाचे वकील जयंत साठे यांनी कोर्टाच्या हिंदीत दुसऱ्यांदा विचारलं.

"हमें नहीं मालूम, साहब. हम उधर थे ही नहीं," सुधा म्हणाली.

लेबर कोर्टाच्या बाकावर बसलेल्या मंजूषाने मान वर केली. मशीन सुधानेच बंद केलं होतं. गोविंदपुऱ्याच्या त्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली मंजूषाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा आपली ओढणी फाडून तिचा हात बांधला होता तोही सुधानेच. फोरमनने मात्र दवाखान्यात परस्पर सांगून टाकलं, बाईला घरी मिक्सरमध्ये लागलं. तेव्हा मंजूषा शुद्धीवर नव्हती. तेच मालकाने धरून ठेवलं. राहता राहिली होती ती सुधाची साक्ष.

बाहेर आल्यावर साठे म्हणाले, "ताई, तिथे आणखी कोणी नव्हतं का?"

"होते की सगळे. पण पाहिलं कोणीच नाही म्हणतात."

"पुढची तारीख घेऊ. पण खरं सांगतो, आता फार आशा ठेवू नका."

मंजूषाने मान हलवली. उजवा हात पदराखाली घेऊन ती बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सुधाही आली. दोघी एकाच गल्लीत राहणाऱ्या; दुसरी बस नव्हती.

"मंजू, माझं ऐकून तरी घे," सुधा म्हणाली. "यांचं काम सुटलंय, तुला ठाऊक आहे. मालकांनी तुषारला लावून घेतलंय. म्हणाले, आता तुम्हीच सोचून घ्या."

मंजूषा रस्त्याकडे बघत राहिली. सुधाच्या या पोराला तिने कडेवर खेळवलं होतं.

"कुठल्या मशीनवर?"

सुधा बस येते का ते बघू लागली.

"सुधा, कुठल्या मशीनवर लावलंय त्याला?"

"प्रेसवर," सुधा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

मंजूषा तिला रडू देत उभी राहिली. मग म्हणाली, "पुढची जाळी बसवून घ्यायला सांग त्याला. माल लवकर निघावा म्हणून काढून ठेवतात ते. बसवल्याशिवाय हात घालू नकोस म्हणावं."

बस आली. आत जागा होती ती एकाच सीटवर. दोघी शेजारी बसल्या. इतकी वर्षं कामावरून येताना जिचा हात आधी पर्समध्ये जाईल, ती दोघींचं तिकीट काढायची. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. मंजूषाने पर्स मांडीवर दाबून धरली आणि डाव्या हाताने चेन ओढू लागली. ती अडकली. सुधाचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

चेन उघडली.

"एक जवाहर चौक," मंजूषा म्हणाली.