दहा लाख एक

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आपलं चुकूच शकत नाही अशी ठाम समजूत. मनाली लहान असताना तिला उगाच ओरडले, की रात्री तिच्या ताटाशेजारी चिठ्ठी ठेवायचे. चिठ्ठीवर एक भलीमोठी संख्या आणि खाली 'मूळ की संयुक्त?' पोरगी डाव्या हातानं भागाकार करत जेवायची. उत्तर सांगितलं की भांडण मिटलं.

त्याच मनालीनं घणसोली गावातल्या मुलाशी परस्पर लग्न केलं. हे म्हणाले, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." वाशीहून घणसोली ते काय लांब! पण चौदा महिने बापलेकीचं बोलणं नाही. मी मेली दर गुरुवारी 'देवळात जाते' सांगून तिच्याकडे जायची. ह्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं.

परवा मी लोणच्याची बरणी पिशवीत ठेवत होते, तर ह्यांनी ती हातातून काढून घेतली. "तेल गळेल," म्हणाले. वहीचा एक कागद बरणीला गुंडाळला, वर दोरा बांधला. देवळात लोणचं कशाला, हे काही विचारलं नाही.

घणसोलीला मनालीनं बरणीचा दोरा सोडला आणि तो कागद घेऊन बसूनच राहिली. वर लिहिलं होतं १०,००,००१. खाली दोन, तीन, पाच, सात अशा एकेका मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं, थेट सत्त्याण्णवपर्यंत. कशानंच भाग गेला नव्हता. शेवटी, 'म्हणून मूळ.'

"आई, हे चुकलंय."

"वय झालं गं त्यांचं." मला खरंच काळजी वाटली.

"वय कसलं! ह्या संख्येला हजारापर्यंत, म्हणजे वर्गमुळापर्यंत, तपासायला लागतं. अर्ध्यावर सोडलं म्हणून बाबांनी मला किती वेळा शून्य दिलंय." तिनं पेन्सिल घेतली. सत्त्याण्णवनंतरची मूळ संख्या एकशे एक. तिनं भागून पाहिलं. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य.

"एकच पायरी ठेवली गं माझ्यासाठी," म्हणाली आणि हमसाहमशी रडली. मीही रडले. मग तिनं चपला घातल्या.

घरी हे पेपर वाचत होते. मनाली उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाबा, एकशे एकनं भाग जातो."

ह्यांनी मान वर केली नाही. "मला दिसलं नसेल असं वाटलं तुला?"

"नाही. म्हणून तर आले."

ह्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली.

"एकटीच कशी आलीस? जावयांना आणायचं नाही का?"